काट्याची मुंगी: आधी नाव, मग डबी

"ताई, काट्याची मुंगी घावलीय. डबीत ठेवलीय. काय खायला घालू?" सोलापूरकडच्या एम.एस्सी.च्या मुलामुलींकडून हा प्रश्न मला पावसाळ्यात हमखास येतो. सोबत एक फोटो असतो, बहुतेक वेळा वरून काढलेला आणि हललेला. मी उलट विचारते, "कंबरेला गाठी किती?" बऱ्याचदा यावर पलीकडे शांतता.

मुद्दाम आडवं विचारायचं म्हणून मी हे विचारत नाही. मुंगी पाळायची म्हणजे तिला काय लागतं ते माहीत हवं, आणि ते कळतं तिच्या नावावरून. जमिनीतली, बिया साठवणारी मुंगी आणि झाडावर रेशमाचं घर करणारी मुंगी यांना एकाच डबीत एकाच पद्धतीने ठेवलं तर दोघींपैकी एक मरणार. संशोधनाच्या तयारीत असाल तर दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. तुम्ही सहा महिने निरीक्षणं लिहून काढली आणि ती नेमकी कुठल्या मुंगीची हे सांगता आलं नाही, तर ती वही कुणाच्याच कामाची नाही. म्हणून या लेखात निम्म्याहून जास्त जागा ओळख पटवण्याला दिली आहे आणि पाळणं त्यानंतर आलं आहे.

एक शब्दांचा गोंधळ आधीच मिटवते. इथे 'प्रजाती' म्हणजे जीनस आणि 'जाती' म्हणजे स्पीशीज. वर्तमानपत्रं हे दोन्ही शब्द बिनधास्त उलटसुलट वापरतात. प्रबंधात तसं करू नका.

काटेरी मुंगी म्हणजे कोण

काटेरी मुंग्यांच्या प्रजातीचं नाव पॉलिरॅकिस. फ्रेडरिक स्मिथ या ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञाने १८५७ मध्ये ते दिलं. ग्रीकमध्ये 'पॉली' म्हणजे पुष्कळ आणि 'ऱ्हाकिस' म्हणजे कणा किंवा काटा. जगात तिच्या सातशेच्या आसपास जाती आहेत. आफ्रिका, आशिया आणि ऑस्ट्रेलिया इथे त्या पसरल्यात, अमेरिकेत एकही नाही. उगम आग्नेय आशियातला आणि तिथून ती दोन्ही बाजूंना पसरली, असं डीएनएवर आधारलेल्या वंशावळीतून २०१६ च्या सुमारास मांडलं गेलं. ऑस्ट्रेलियात खारफुटीच्या चिखलात घर करून भरतीच्या पाण्यात पोहणारी जात आहे. चीनमध्ये हिच्याच एका जातीची पूड औषध म्हणून विकली जाते. आपल्याकडे मात्र या मुंगीला लोकांत वेगळं नाव ऐकू येत नाही. काळी आणि मोठी दिसली की मुंगळा किंवा डोंगळा म्हणायचं आणि पुढे जायचं.

कुळाच्या दृष्टीने ते अगदीच चूक नाही. आपला नेहमीचा मुंगळा, म्हणजे कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस, आणि पॉलिरॅकिस या चुलतबहिणी आहेत. दोघींना नांगी नाही. पोटाच्या टोकाला बारीक केसांनी वेढलेलं गोल छिद्र असतं, त्यातून फॉर्मिक आम्ल उडवतात. हे आम्ल लक्षात ठेवा, डबीच्या भागात ते परत येणार आहे.

काटे बघून फसू नका

मुंगीला काटे दिसले की ती पॉलिरॅकिस, असं नाही. सोलापूरच्या माळावर, बांधावर, घराच्या परसात काटे असलेल्या मुंग्या बऱ्याच आहेत. मेरानोप्लस बायकलर घ्या. तांबूस वक्ष, गडद पोट, अंगावर भरपूर केस, पाठीवर ढालीसारखं कवच आणि त्याला काटे. धक्का लागला की अंग आखडून मेल्यासारखी पडून राहते. मिर्मिकारिया ब्रुनिया ही तपकिरी, केसाळ, पोट खाली वळवून चालणारी, तिलाही वक्षाच्या मागे काटे. पोट बदामाच्या आकाराचं आणि ते पाठीवर उचलून पळणारी क्रिमॅटोगास्टर, तिलाही दोन छोटे काटे. आता या तिघींची कंबर बघा. वक्ष आणि पोट यांच्या मधे दोन गाठी आहेत. पॉलिरॅकिसला एकच.

म्हणून पहिला प्रश्न गाठींचा. दहापट भिंग पुरतं. मुंगी बाजूने दिसली पाहिजे, वरून पाहिलं तर दुसरी गाठ पोटाखाली दडते. शंका उरली तर मिशा मोजा. पॉलिरॅकिसच्या कामकरी मुंगीला मिशीचे १२ भाग, मेरानोप्लसला ९, मिर्मिकारियाला फक्त ७. मिशीचा पहिला लांब दांडा हाही एक भाग धरायचा, हे मुलं विसरतात आणि ११ लिहून आणतात.

गाठ एकच निघाली की उरतो मुंगळ्यांचा प्रश्न. राखाडी लव असलेला कॅम्पोनोटस पॅरियस किंवा पोटावर सोनेरी झाक असलेला कॅम्पोनोटस सेरिसियस लांबून पॉलिरॅकिससारखे वाटतात. इथे तीन गोष्टी बघायच्या. एक, कंबरेची गाठ. कॅम्पोनोटसची गाठ साधी, गोलसर किंवा पातळ खवल्यासारखी असते. पॉलिरॅकिसच्या गाठीला काटे किंवा निदान दाते असतात. दोन, पोटाचा पहिला पट्टा. पॉलिरॅकिसमध्ये वरून पाहिल्यास हा पहिला पट्टाच पोटाची निम्मी किंवा त्याहून जास्त लांबी व्यापतो. कॅम्पोनोटसमध्ये तो आखूड असतो आणि मागचे पट्टे स्पष्ट दिसतात. माझ्या मते ही सगळ्यात भरवशाची खूण आहे, कारण काटे तुटतात, पट्टा तुटत नाही. तीन, आकारातला फरक. मुंगळ्याच्या वारुळात बारक्या डोक्याच्या आणि मोठ्या डोक्याच्या कामकरी एकत्र दिसतात. पॉलिरॅकिसच्या कामकरी जवळपास एकसारख्या.

आणि हो, आधी पाय मोजा. मुंगीची नक्कल करणारे कोळी झाडाच्या खोडावर सर्रास असतात. पुढचे दोन पाय मिशांसारखे हलवत ते चालतात. आठ पाय निघाले तर हा लेख तुमच्यासाठी नाही.

जातीपर्यंत जाताना

भारतात पॉलिरॅकिसच्या सत्तरच्या आसपास जाती नोंदल्या गेल्यात. भारतातल्या मुंग्यांची राज्यवार यादी २०१६ मध्ये 'झूकीज' या नियतकालिकात आली. तिच्यात १०० प्रजाती आणि ८२८ जाती-उपजाती आहेत. ही यादी उतरवून घ्या आणि टेबलासमोर चिकटवा. आपल्या भागात काम करताना कर्नाटकच्या मुंग्यांवरचं मुस्ताक अली यांचं कामही बघायला हवं. विजापूर, कलबुर्गी ही आपली शेजारची माळरानं आहेत आणि मुंगीला राज्याची हद्द कळत नाही.

काट्यांची जागा हा जातीकडे जाण्याचा मुख्य रस्ता. काटे तीन ठिकाणी असू शकतात: वक्षाच्या पुढच्या खांद्यांवर, वक्षाच्या मागच्या टोकाला आणि कंबरेच्या गाठीवर. कुठे आहेत, किती आहेत, सरळ आहेत की आकड्यासारखे वळलेले, हे तक्त्यात लिहायचं. दोन टोकाची उदाहरणं देते. पॉलिरॅकिस रॅस्टेलाटा ही काळीभोर, चकचकीत, पाठ फुगीर गोल, आणि वक्षावर काटाच नाही. फक्त कंबरेच्या गाठीवर चार दाते. 'काटेरी मुंगी' शोधणारा माणूस हिच्याकडे बघणारसुद्धा नाही. दुसरी पॉलिरॅकिस लॅक्टिपेनिस. हिच्या अंगावर करडी लव, वक्षावर काटे, आणि कंबरेचे लांब काटे वळून पोटाच्या सुरुवातीला मिठी मारल्यासारखे. नावाचा अर्थ 'दुधाळ पंखांची', पण पंख राणीला आणि नरालाच, त्यामुळे कामकरी हातात घेऊन दूध शोधत बसू नका.

लॅक्टिपेनिसच्या नावामागची भानगड संशोधनाला निघालेल्या प्रत्येकाने समजून घ्यावी. स्मिथने १८५८ मध्ये हे नाव दिलं. १८६२ मध्ये मायर याने 'सिम्प्लेक्स' नावाची जात वर्णिली. पुढे शंभराहून जास्त वर्षं लोक सिम्प्लेक्स हेच नाव वापरत राहिले. नंतर दोन्ही एकच ठरल्या आणि नियमाप्रमाणे जुनं नाव टिकलं. याचा परिणाम तुमच्या वाचनावर होतो. ही मुंगी भारतापासून इराण, इस्रायलपर्यंत आहे, आणि तिच्या घर विणण्यावरचा इस्रायलमधला १९७० चा सविस्तर लेख सिम्प्लेक्स या नावाखाली आहे. फक्त आजचं नाव टाकून शोधलं तर हा लेख हाती लागणार नाही, आणि मग प्रस्तावनेत "या जातीवर काम झालेलं नाही" असं वाक्य येतं. मौखिक परीक्षेत अशा वाक्यावर पकडतात. म्हणून कुठल्याही जातीचं वाचन सुरू करण्याआधी तिची सगळी जुनी नावं काढायची.

जुन्या पुस्तकांची भाषाही वेगळी आहे. भारतातल्या मुंग्यांची मोठी ओळख-किल्ली अजूनही बिंगहॅमची, १९०३ ची. ती मोफत मिळते. पण त्यात तो ज्याला 'मेटानोटम' म्हणतो त्याला आज 'प्रोपोडियम' म्हणतात. 'पेडिसेल' म्हणजे आजचं 'पेटिओल', म्हणजे आपली कंबरेची गाठ. आणि गंमत अशी की प्रोपोडियम दिसायला वक्षाचा भाग, पण मुळात तो पोटाचाच पहिला खंड, वक्षाला जाऊन चिकटलेला. किल्ली वापरताना ही शब्दांची जोडी शेजारी लिहून ठेवा, नाहीतर तिसऱ्याच पायरीवर वाट चुकते.

बिंगहॅमच्या मागे ज्यांचं काम उभं आहे त्यांच्यात एक आपल्या भागाशी जोडलेला माणूस आहे. आर. सी. रॉटन हे मुंबई इलाख्याच्या वनखात्यातले अधिकारी. नोकरी करता करता त्यांनी मुंग्या जमवल्या, 'अवर अँट्स' हा लेख १८९२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिला आणि नमुने स्वित्झर्लंडला ऑग्युस्त फोरेलकडे पाठवले. फोरेल हा झुरिकच्या मनोरुग्णालयाचा प्रमुख आणि मुंग्यांचा जगन्मान्य जाणकार. त्याने त्यांतल्या कितीतरी जातींना नावं दिली, एका पॉलिरॅकिसला तर रॉटन यांचंच. वनखात्यातला माणूस आणि मनोविकारतज्ज्ञ या दोघांनी हे केलं, तेव्हा "आमच्या कॉलेजात तज्ज्ञ नाहीत" हे कारण मला फारसं पटत नाही. त्यांच्याकडे एक गोष्ट होती: प्रत्येक मुंगीसोबत चिठ्ठी.

चिठ्ठी

राणी किंवा वसाहत घरी आणण्याआधी त्याच घरट्यातल्या पाच-सहा कामकरी अल्कोहोलमध्ये टाका. जीव मारणं नको वाटतं, मला समजतं. पण या पाच-सहा नमुन्यांशिवाय पुढे पाळलेल्या शेकडो मुंग्यांना नाव राहत नाही. डीएनए काढायचा विचार असेल तर ९५ टक्के अल्कोहोल घ्या. बाटलीच्या आत कागदाची चिठ्ठी, पेन्सिलने लिहिलेली. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि महिन्याभरात तुमच्याकडे निळं पाणी आणि अनाम मुंग्या उरतात. चिठ्ठीवर गाव, अक्षांश-रेखांश, तारीख, झाड किंवा जमीन, जमिनीपासून उंची, गोळा करणाऱ्याचं नाव. "सोलापूर" एवढंच लिहू नका. अक्कलकोटची काळी माती आणि सांगोल्याचा मुरमाड माळ दोन्ही सोलापूरच.

दोन-तीन मुंग्या वाळवून पिनेवर लावायच्या. थेट पिनेत टोचायच्या नाहीत. कागदाचा छोटा त्रिकोण कापून त्याच्या टोकाला थेंबभर डिंक लावायचा आणि मुंगीचा वक्ष खालून, मधल्या आणि मागच्या पायांच्या बुडाशी चिकटवायचा. चेहरा, बाजू आणि वरची पाठ तिन्हीकडून मोकळी दिसली पाहिजे, कारण फोटोही याच तीन बाजूंनी घ्यायचे असतात. अँटवेब या संकेतस्थळावर जगभरच्या संग्रहालयांतले नमुने याच तीन बाजूंनी दिलेत, त्यामुळे आपला फोटो शेजारी ठेवून ताडता येतो.

मग मापं. डोक्याची रुंदी, डोक्याची लांबी, मिशीच्या दांड्याची लांबी. समजा डोकं १.५० मिलिमीटर रुंद आणि १.७० लांब असेल, तर रुंदीला लांबीने भागून शंभराने गुणायचं, ८८ येतात. हा डोक्याचा निर्देशांक. एकाच मुंगीचा आकडा लिहून थांबू नका, पाच-सहा मोजा आणि लहानात लहान ते मोठ्यात मोठा असा पल्ला द्या.

इतकं करूनही जात नक्की ठरेना, तर काय लिहायचं? 'पॉलिरॅकिस, जात १'. बस. मुलांना हे कमीपणाचं वाटतं, मार्गदर्शकांनाही कधी कधी वाटतं, आणि मग जवळचं दिसेल ते नाव चिकटवलं जातं. पण 'जात १' आणि सोबत जपलेला नमुना, हे उद्या कुणीतरी तपासून दुरुस्त करू शकतं. नमुना नसलेलं रुबाबदार लॅटिन नाव कुणालाच तपासता येत नाही. ते चुकीचं असलं तर त्यावरून पुढच्या याद्या चुकत जातात. नमुने शेवटी संग्रहात गेले पाहिजेत. प्राणिशास्त्र सर्वेक्षण विभागाचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे, ओळख पटवण्यासाठीही तिथे पत्र लिहून विचारता येतं.

कुठून आणायची, कुठून नाही

नान्नजचं माळढोक अभयारण्य जवळ आहे म्हणून तिथे डबी घेऊन जाऊ नका. अभयारण्यातून मुंगीसुद्धा उचलायची तर वनखात्याची लेखी परवानगी हवी. महाविद्यालयाचं आवार, शेताचा बांध, स्वतःच्या घरापुढचा कडुनिंब, बाभळीची रांग, यांच्यापासून सुरुवात करा. मालकाला विचारून.

विकत घेण्याच्या मी सरळ विरोधात आहे. बाहेर देशातून जिवंत कीटक मागवायला वनस्पती संगरोधाच्या २००३ च्या आदेशाखाली परवाना लागतो, आणि आपल्याकडच्या मुंग्या परदेशी पाठवायच्या तर जैवविविधता कायदा आडवा येतो. हे प्रकरण किती गंभीर झालंय ते केनियात दिसलं. एप्रिल २०२५ मध्ये तिथे दोन बेल्जियन तरुणांना सुमारे ५,००० मुंग्यांसह पकडलं, बहुतेक राण्या, ओल्या कापसाच्या नळ्यांमध्ये भरलेल्या. मे महिन्यात न्यायालयाने प्रत्येकी दहा लाख शिलिंग दंड किंवा वर्षाची कैद सुनावली. देशातल्या देशात विकत घेतलेल्या नळीचाही प्रश्न आहेच: तिच्यावर ठिकाण नसतं. ठिकाण नसलेली मुंगी संशोधनाला चालत नाही, आणि कोकणातली किंवा ईशान्येतली मुंगी सोलापुरात निसटली तर ती इथे काय करेल हे बघायची हौस मला नाही.

डबीत काय लागतं

नुसत्या कामकरी आणल्या तर वसाहत वाढत नाही. त्यांनी अंडी घातली तरी ती फलित नसतात, त्यातून नरच होतात. राणी ओळखायला सोपी: वक्ष भरदार आणि पंख गळून गेल्याच्या खुणा. पण एकटी राणी नळीत ठेवून वसाहत उभी करण्याची जी रीत मुंगळ्यांना चालते, ती सगळ्या पॉलिरॅकिसला चालतेच असं नाही. जपानमधल्या पॉलिरॅकिस लॅमेलिडेन्सची राणी कॅम्पोनोटसच्या कामकरींना अंग घासते, त्यांचा वास स्वतःला लावून घेते आणि त्यांच्या वारुळात शिरून त्यांच्याकडूनच आपली पिल्लं वाढवून घेते. जातीचं नाव आधी का हवं, याचं याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही.

घर. आपली ही मुंगी विणकर. कोकणातल्या ओंबील मुंग्या पानं शिवतात ते बहुतेकांनी पाहिलेलं किंवा ऐकलेलं असतं. पॉलिरॅकिसच्या बऱ्याच जाती तेच करतात, थोड्या साध्या पद्धतीने. कामकरी मुंगी अळीला तोंडात धरते, अळीच्या तोंडातून रेशमाचा धागा निघतो, आणि त्याने पानं, साल, काडीकचरा जोडला जातो. ओंबिलीच्या अळ्या सगळं रेशीम घराला देऊन टाकतात आणि स्वतः उघड्याच कोषावस्थेत जातात. पॉलिरॅकिसच्या अळ्या सहसा स्वतःचा कोषही विणतात. हॉलडोब्लर आणि विल्सन यांनी १९८३ मध्ये अशाच पायऱ्यांची तुलना करून विणकाम टप्प्याटप्प्याने कसं घडलं असेल ते मांडलं होतं.

डबीसाठी याचा अर्थ: गुळगुळीत काच आणि प्लास्टिक नको. अळीला धागा अडकवायला आधार लागतो. वाळलेली पानं, एक-दोन फांद्या, सालीचा बारीक चुरा आणि थोडी स्वच्छ माती द्या. रंग किंवा औषध लावलेल्या लाकडाचा भुसा टाळा. एका टोकाला पाण्याची टेस्ट ट्यूब, तोंडाशी घट्ट कापूस. कापूस ओला राहतो, पाणी सांडत नाही. बाकीची डबी कोरडी आणि हवेशीर. दमट केली की बुरशी येते. बहुतेक मुंग्यांच्या वक्षाच्या बाजूला बुरशीरोधक द्रव देणारी एक ग्रंथी असते, ती पॉलिरॅकिस आणि कॅम्पोनोटसमध्ये बहुतांश जातींत नाहीच. त्यामुळे उरलेलं अन्न दुसऱ्या दिवशी उचला.

हवेशीर म्हणण्याचं दुसरं कारण ते आम्ल. घाबरलेली वसाहत बंद नळीत पोट पुढे वळवून आम्ल उडवते, वाफ कोंडते आणि मुंग्या आपल्याच वाफेने मरतात. गोळा करून आणताना खड्ड्यांच्या रस्त्यावर मोटारसायकलच्या डिकीत नळी टाकणं म्हणजे हेच. झाकणाला बारीक जाळी लावा, आत कागदाची घडी ठेवा, हातात धरून आणा.

खायला मधाचं पाणी, एक भाग मध आणि तीन-चार भाग पाणी, कापसाच्या बोळ्यावर. निसर्गात ही गरज मावा आणि पिठ्या ढेकूण यांच्या गोड स्रावातून भागते. रब्बी ज्वारीवर चिकटा पडला की मुंग्यांची ये-जा वाढते ते शेतकऱ्याला माहीत असतं. अळ्यांसाठी प्रथिनं हवीत: वाळवी, फळमाशी, मारलेला छोटा रातकिडा. हे कीटक डाळिंबाच्या बागेतून आणू नका. तिथे फवारणी इतकी असते की एका रातकिड्यात वसाहत जाईल.

सोलापूरचा उन्हाळा हा वेगळाच विषय. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर, पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. झाडावरची मुंगी दुपारी सावलीच्या बाजूला सरकते, डबीतली कुठे जाणार? डबी घरातल्या सगळ्यात थंड भिंतीपाशी, जमिनीवर ठेवा. माठाखालची ओली वाळू असते तशी वाळूची परात खाली ठेवली तर बराच फरक पडतो. फ्रीजमध्ये ठेवू नका. डबीत एका बाजूला गार आणि एका बाजूला कोमट असा उतार ठेवलात तर मुंग्या पिल्लं कुठे हलवतात ते बघायला मिळतं, आणि तापमानाची नोंद आपोआप होते. निसटू नयेत म्हणून डबीच्या वरच्या काठाला आतून टाल्कम पावडर स्पिरिटमध्ये कालवून लावायची, वाळली की पाय घसरतात. पाऊस सुरू झाला की हा थर ओल धरतो, तेव्हा परत लावायचा.

एक वसाहत म्हणजे एक

आता वही. पाळलेल्या मुंगीवर करण्याजोगे छोटे प्रश्न भरपूर आहेत. घर विणायला सालीचा चुरा आणि मातीचे कण यांतलं काय आधी उचलतात? अळ्या नसतील तर विणकाम थांबतं का? पिठ्या ढेकूण असलेली फांदी आणि मधाचा बोळा यांत कुठे जास्त फेऱ्या होतात? शेवटचा प्रश्न सोलापुरात विशेष कामाचा. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ पासून इथेच आहे, आणि मुंग्या पिठ्या ढेकणांना राखतात की त्यांच्या शत्रूंना हुसकावतात, हे बागेच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे.

पण एका डबीतल्या ४० मुंग्या पाहिल्या म्हणून नमुना ४० होत नाही. त्या सगळ्या बहिणी, एकाच डबीत, एकाच तापमानात. नमुना एक. हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये अशा खोट्या पुनरावृत्तीवर लिहिलं, तो लेख तयारीच्या काळातच वाचून घ्या. सहा वसाहती, सहा वेगळ्या झाडांवरून, प्रत्येकीतून पाच-पाच मुंग्या, तर नमुना सहा. सहा वसाहती उचलणं जड वाटत असेल, तर घरटी झाडावरच ठेवून निरीक्षण करा. खोडाला खुणेचं सुतळीचं वेटोळं, रोज ठरलेल्या वेळी दहा मिनिटं. बऱ्याच प्रश्नांना डबी लागतच नाही, आणि मला विचाराल तर पहिल्या वर्षी ती आणूच नये.

आणलीच असेल, तर तिचं पुढे काय करणार हे पहिल्याच पानावर लिहा. दुसऱ्या गावात सोडायची नाही. आणली त्याच झाडावर, त्याच हंगामात परत ठेवायची, आणि तेही डबीत दुसऱ्या ठिकाणची मुंगी कधीच ठेवली नसेल तरच. नाहीतर डबी रात्रभर फ्रीझरमध्ये, मग अल्कोहोल, आत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी, आणि पार्सल आकुर्डीला.